मी वाळू पाळते

परवा एक जुनी मैत्रीण बऱ्याच दिवसांनी घरी आली. बसल्या बसल्या म्हणाली, "तुझे ते प्राणी दाखव ना." मी कपाटाच्या खालच्या फळीवरचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. ती वाकून बघत राहिली. सपाट वाळू, एका कोपऱ्यात पालापाचोळा, मध्ये गाजराची सुकत चाललेली चकती. बाकी काही नाही.

"कुठे आहेत?"

"आत."

"किती आहेत?"

"चाळीसच्या आसपास असतील. नक्की नाही सांगता येत."

ती आणखी वाकली, मिनिटभर थांबली, मग कंबर सरळ करत म्हणाली, "अगं, तू वाळू पाळलीयेस!"

घरात आता तेच नाव पडलंय. परवा नवरा फोनवर कोणाला तरी सांगत होता, "ती आतल्या खोलीत वाळूपाशी बसलीय." चिडवायला म्हणतो, पण माझी हरकत नाही, कारण ते खरंच आहे. आत आहेत ती वाळूत राहणारी झुरळं, आणि ती दिवसचे दिवस तोंड दाखवत नाहीत. आपल्याला दिसते ती वाळू, तिच्यावर उमटलेल्या रेषा, अर्धं गाडलं गेलेलं पान, कुरतडलेली चकती. त्यावरून आत काय चाललंय ते ओळखायचं. माझं काम हिशेब तपासायचं. आयुष्यभर लोकांच्या पावत्या बघून त्यांच्या घरात काय चाललं असेल ते ताडायची खोड लागलीय. म्हणून असेल, पण मला यात रस वाटतो.

आता एक कबुली. मला झुरळांची भीती वाटते. वाटायची नव्हे, वाटते. रात्री दिवा लावल्यावर ओट्यावरून सुर्रकन पळणारं तांबडं झुरळ दिसलं, तर मी आजही खुर्चीवर चढून नवऱ्याला हाक मारते. आणि तो येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे हसू असतं, ते मला मुळीच आवडत नाही. पण जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत आणि माणसाच्या घरात घुसून त्रास देणाऱ्या त्यातल्या जेमतेम तीसेक. बाकीची जंगलात, पाचोळ्यात, सडक्या लाकडात, वाळूत आपापलं बघतात. त्या तीस जणांमुळे सगळ्या खानदानाचं नाव खराब झालंय. वाळवीसुद्धा याच कुळातली आहे, हे कळल्यावर तर मला एकदम गंमत वाटली होती. घर पोखरणारे आणि ओट्यावर पळणारे चुलत भाऊच निघाले.

कीटक पाळणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने आपला पसारा आवरताना एक डबी माझ्या हातात ठेवली, तिथून हे सुरू झालं. "ताई, ही तुमच्याकडे राहू द्या. वास नाही, आवाज नाही, पळून जात नाहीत. महिनाभर विसरलात तरी रागवायची नाहीत." शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. त्याचं पुढे सांगते.

डबीत आठ पिल्लं होती. जातकुळीचं नाव अरेनिव्हेगा. लॅटिनमध्ये 'अरेना' म्हणजे वाळू आणि 'व्हेगा' म्हणजे भटकी. कीटकशास्त्रज्ञ जेम्स रेन यांनी 1903 साली ही जातकुळी वेगळी केली. अमेरिकेच्या नैऋत्येकडची वाळवंटं, टेक्सास, फ्लोरिडा आणि खाली मेक्सिको हा यांचा मुलूख. 2014 मध्ये यांची नव्याने छाननी झाली तेव्हा 48 जाती मोजल्या गेल्या, आणि त्यातल्या 39 तोवर कोणी नोंदवल्याच नव्हत्या. म्हणजे जवळपास सगळा वंश शंभर वर्षं वाळूखाली बसून होता आणि कोणाला पत्ता नव्हता. त्यांचा स्वभाव बघता यात मला तरी नवल वाटलं नाही.

मी त्या डबीतलं पहिलं पिल्लू चमच्याने उचलून तळहातावर घेतलं. (हो, घेतलं. डोळे मिटून, पण घेतलं.) डोळे उघडले तर हातावर झुरळ नव्हतंच. एक खडा होता. पसरट, लंबगोल, मातकट, पाठीवर आडव्या पट्ट्या, कडेने बारीक लव आणि त्या लवेत अडकलेले वाळूचे कण. मिशा नाहीत, पाय नाहीत, सगळं पोटाखाली आवरून घेतलेलं. मी श्वास रोखून बघत राहिले. बऱ्याच वेळाने पुढच्या कडेखालून एक मिशी बाहेर आली, केसाएवढी, आणि माझ्या हातावरची रेष चाचपू लागली. मग दुसरी. मग तो खडा चालायला लागला. ओट्यावरचं झुरळ पळतं ते चोरासारखं. हे मात्र एखाद्या बाईने डोक्यावर हंडा घेऊन चालावं तसं, अंगाला हिसका न देता, सरळ. बोटांच्या फटीशी आलं, डोकं खाली घातलं आणि फट खणायला लागलं.

डोकं म्हणजे तरी काय, डोकं वरून दिसतच नाही. त्याच्यावर ढालीसारखं एक कवच असतं, तेच फावडं. वाळूवर सोडलं की ते कवच तिरकं खुपसतं, पाय मागे वाळू ढकलतात, आणि बघता बघता आपल्यासमोर नुसता एक उंचवटा सरकत जातो. पोहल्यासारखं. पृष्ठभागाच्या जरा खालून जातात, म्हणून मागे बोटाने ओढल्यासारखी उठावदार रेघ राहते. सकाळी डबा उघडला की रात्रभराचा नकाशा तयार असतो. कोण कुठून निघालं, कुठे वळलं, गाजरापाशी किती जणांची गर्दी झाली.

आणखी एक गोष्ट वाचली तेव्हापासून मी यांना मान द्यायला लागले. चारी बाजूंनी वाळू, मिट्ट काळोख, अंगावर सगळीकडून सारखाच दाब. मग वर कुठे आणि खाली कुठे हे कळणार कसं? यांच्या शेपटाशी दोन छोटी शिंगं असतात, तशी सगळ्याच झुरळांना असतात, पण यांच्या शिंगांच्या खालच्या बाजूला बारीक लोंबते गोळे असतात, ओळीने. शरीर तिरकं झालं की गोळे कलतात आणि मुळाशी असलेल्या मज्जातंतूला ते कळतं. थोडक्यात, गवंड्याचा ओळंबा. आमच्या घराची एक भिंत वाकडी आहे, ती बांधणाऱ्याकडे यातला एक असता तर बरं झालं असतं.

आता ते शेवटचं वाक्य. 'महिनाभर विसरलात तरी.' मी ते मनावर घेतलं. वाळवंटातले जीव म्हटल्यावर माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता: वाळवंट म्हणजे कोरडं, म्हणून डबा कोरडा. वाळू चाळली, धुतली, उन्हात वाळवली, खणखणीत कोरडी केली आणि पिल्लं आत सोडली. गाजराची चकती आठवड्याला एक. दोन महिन्यांत तीन पिल्लं मेली. तिन्ही अर्धवट कात टाकलेल्या अवस्थेत. जुनं कवच पाठीवर फाटलेलं, पण मागचा भाग आतच अडकलेला. एकाच्या मिशा बाहेर आल्या होत्या, पाय नव्हते. ते बघून मी दोन दिवस डब्याकडे गेले नाही.

मग वाचायला बसले, जे आधीच करायला हवं होतं. वाळवंटातली वरची वाळू भाजून काढते खरी, पण खाली उतरत जावं तशी ती थंड होते आणि कणांमधल्या हवेत दमटपणा धरून ठेवते. ही झुरळं दिवसभर त्या खालच्या थरात असतात आणि रात्री वर येतात. वाळवंटात राहतात असं आपण म्हणतो, पण राहतात ती वाळवंटाच्या तळघरात. आणि त्या तळघरात ती जे करतात ते ऐकून मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. ती हवेतून पाणी पितात. थेंब नव्हे, दव नव्हे, हवेतली वाफ.

एडनी नावाच्या शास्त्रज्ञाने 1966 साली हे दाखवून दिलं. तहानलेली पिल्लं दमट हवेत ठेवली तर, खायला-प्यायला काही न देता, त्यांचं वजन वाढतं. हवेतली आर्द्रता साधारण 82 टक्क्यांच्या वर हवी, एवढीच अट. पुढे 1970 च्या दशकात ओडोनेल यांनी हे नेमकं कुठून होतं ते शोधलं. तोंडातून दोन छोट्या फुग्यांसारख्या पिशव्या बाहेर येतात, ओठाच्या दोन बाजूंना एकेक. त्यांच्यावर अतिशय बारीक केसांची लव असते, डोक्यातल्या ग्रंथीतून आलेला द्रव तिच्यावर पसरतो, हवेतली वाफ तिथे धरली जाते आणि मग गिळली जाते. हे पिल्लांना जमतं, माद्यांना जमतं. मोठ्या नरांना जमत नाही. नर बिचारे असेच.

म्हणजे मी काय केलं होतं? पाणी देत नव्हते हा प्रश्नच नव्हता. मी त्यांची हवाच काढून घेतली होती.

तेव्हापासून डब्याची रचना बदलली ती आजवर तशीच आहे. हातभर लांब, पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा. झाकणाला दोन टोकांना दोन खिडक्या कापून त्यावर बारीक स्टीलची जाळी चिकटवलेली, हवा एकीकडून येऊन दुसरीकडून जाईल अशी. आत चार बोटं वाळू. नुसती वाळू नको, ओली झाली की ती थापीसारखी बसते, म्हणून तिच्यात तिसरा हिस्सा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि कुस्करलेला पाचोळा. एका टोकाच्या कोपऱ्यात बोटाएवढी नळी उभी खोचलीय, तळापर्यंत. पाणी त्या नळीतून घालायचं, वरून शिंपडायचं नाही. त्यामुळे खालचा थर आणि एक कोपरा ओलसर राहतो आणि वरचा भाग, दुसरं टोक कोरडंच. कोणाला किती ओलावा हवा ते त्यांनी ठरवावं. मी मध्ये पडत नाही. कात टाकायच्या आधी सगळी ओल्या टोकाला जमतात, हे नंतर मला रेघांवरूनच कळलं.

वाळू बारीक हवी, कडा गुळगुळीत असलेली. बांधकामाची टोकदार रेती यांच्या पोटाला बरी नाही असं मला वाटतं, मी ती वापरत नाही. पाचोळा फवारणी न झालेल्या झाडाखालचा, टणक पानांचा. तो उन्हात कडकडीत वाळवून मगच घालायचा, नाहीतर पाहुणे येतात. शिवाय माशांच्या खाद्याचे थोडे तुकडे, कधी मांजराच्या कोरड्या खाद्याचा एखादा दाणा. एखादाच. हे 'एखादाच' मी एका दुपारी शिकले. दोन दिवसांसाठी बाहेर जायचं होतं, म्हणून प्रेमापोटी मूठभर खाद्य ओल्या कोपऱ्यात टाकून गेले. परत आले तर त्या ढिगावर पिठासारखी पांढरी पूड पसरलेली, आणि ती पूड चालत होती. माइट, म्हणजे कोळ्यांच्या कुळातले अगदी बारीक जीव. लाखांनी म्हणणार नाही, मोजले नाहीत, पण डब्याच्या भिंतीवर बोट फिरवलं तर बोट पांढरं होत होतं. सगळं खाद्य काढलं, वरचा थर खरवडून टाकला, आठवडाभर पाणी बंद केलं. मग ओल्या कोपऱ्यात स्प्रिंगटेल सोडले. हे टाचणीच्या डोक्याहून लहान उड्या मारणारे जीव बुरशी खातात आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. तेव्हापासून बुरशीची कटकट गेली.

आता खरी रडकथा. आठपैकी पाच उरली होती. ती पाचही वाढली, सुखरूप कात टाकत टाकत मोठी झाली. एका पहाटे नवऱ्याने हाक मारली, "अगं ये, तुझं एक भूत झालंय." डब्यात वाळूवर एक पांढराशुभ्र जीव बसला होता. दुधासारखा. शेजारी त्याची रिकामी कात. पाठीवर चुरगाळलेल्या कागदासारखं काहीतरी होतं, ते आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू ताणत गेलं, सरळ झालं, आणि पंख झाले. तासाभरात कडा पिवळसर झाल्या, दुपारपर्यंत सगळा तपकिरी. पहिला नर. यांच्या माद्यांना पंख नसतात, त्या जन्मभर तशाच खड्यासारख्या दिसतात. नराला मात्र लांब पंख, सडपातळ अंग, मोठे डोळे. शेजारी ठेवले तर एकाच जातीचे आहेत यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

मी हुरळून गेले. वहीत तारीख लिहिली, खाली दुहेरी रेघ मारली. पंधरवड्यात दुसरा नर झाला. दोघं रात्रभर वाळूवर सैरावैरा फिरायचे, झाकणाला धडका द्यायचे. खोलीतला दिवा लागला की त्याच्या बाजूच्या भिंतीला चिकटायचे, कारण रानातसुद्धा हे नर दिव्यावर येतात. आणि माद्या? तीन माद्या होत्या, तिन्ही अजून पिल्लंच. एकदा कात टाकायची बाकी, एकीची बहुतेक दोनदा. नर लवकर वयात येतात, त्यांना कमी वेळा कात टाकावी लागते. मादी सावकाश, पुष्कळ महिने उशिरा. आणि वयात आलेला नर फार दिवस काढत नाही. पहिला दोन महिन्यांनी गेला, दुसरा त्याच्यानंतर तीन आठवड्यांनी. माझी पहिली मादी मोठी झाली तेव्हा डब्यात नर नावाला नव्हता. तिघी म्हाताऱ्या होईपर्यंत एकट्या राहिल्या.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ज्याने डबी दिली त्यालाही ठाऊक नसावं, कारण फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अरेच्चा, तरीच माझीही वाढत नव्हती." एकाच वयाची पिल्लं घेऊन सुरुवात केली की हे ठरलेलंच. लग्नाला नवरदेव आला, पण नवरी अजून शाळेत. म्हणून कोणी ही झुरळं पाळायची म्हणत असेल तर माझं एकच सांगणं: पिल्लं घ्या ती लहानमोठी मिसळून घ्या, पंधरा-वीस तरी घ्या, आणि जमलं तर पोटाखालचा शेवटचा खवला बघून घ्या. मादीत तो रुंद असतो, नरात आखूड. भिंगातून सहा-सात पिल्लं बघितली की डोळा बसतो.

दुसऱ्या खेपेला मी तेच केलं. दोन वेगवेगळ्या पाळणाऱ्यांकडून, दोन वेगवेगळ्या वयांची घेतली. एकाच देशातली, आधीपासून पाळण्यात असलेली. जिवंत कीटक सीमेपलीकडून आणायला परवाने लागतात आणि ते लागायलाच हवेत. त्याच हिशेबाने, नको झाली म्हणून बाहेर सोडायची नाहीत. कंटाळा आला तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावीत. तेवढा त्रास घ्यायचा नसेल तर मुळातच आणू नयेत.

या वेळी वर्षभर वाट बघितली. नर झाले, माद्याही झाल्या, काही दिवस डब्यात नुसता गोंधळ होता. आणि एका रात्री लाल दिव्याच्या उजेडात (लाल उजेड त्यांना फारसा कळत नाही, म्हणून बॅटरीवर लाल कागद बांधलाय) मला एक मादी वाळूबाहेर अर्धी आलेली दिसली. तिच्या शेपटाशी काहीतरी चिकटलेलं होतं. तांबूस, चकचकीत, चपट्या बीसारखं, आणि एका कडेला करवतीसारखे बारीक दाते. अंड्यांची कुपी. ही झुरळं अंडी सुटी घालत नाहीत. एका टणक कुपीत ओळीने बंद करतात, ती काही दिवस शेपटाशी धरून हिंडतात आणि मग वाळूत टाकून देतात. टाकली की संपलं, पुन्हा वळून बघत नाहीत.

पुन्हा वळून बघण्याचं काम मी घेतलं, आणि तिथे माझं दुसरं चुकलं. मला कुपी मोजायच्या होत्या. किती घातल्या, कुठे घातल्या, सुरकुतल्या का. म्हणून दर रविवारी मी वाळू चाळायला लागले. चाळायला काय, तर घरातली पिठाची चाळण. नवऱ्याने ते बघितलं आणि काही बोलला नाही. संध्याकाळी नवी चाळण घेऊन आला, जुनीवर मार्करने 'झुरळं' असं लिहिलं आणि खिळ्याला अडकवली. संसार असा टिकतो. पण मुद्दा चाळणीचा नाही. दर आठवड्याला चाळल्यावर ओला थर कोरड्यात मिसळायचा, कात टाकणारं पिल्लू मध्येच उघडं पडायचं, कुपी कधी वर यायच्या, कधी खाली जायच्या. चार महिन्यांत अकरा कुपी सापडल्या, फुटली एकही नाही. दोन मी उघडून बघितल्या, आत वाळलेल्या होत्या.

मग कामाचा मोसम आला. वर्षअखेर, लोकांचे हिशेब, रात्री बारापर्यंत कागद. डब्याला नळीतून आठवड्याला पाणी आणि गाजराची चकती, यापलीकडे वेळच नव्हता. तीन-साडेतीन महिने मी चाळण हातात घेतली नाही. आणि एका रात्री पाणी घालताना वाळूवर एक नवी रेघ दिसली. इतकी बारीक की मला वाटलं केस पडलाय. फुंकर घातली, हलला नाही. केस नव्हताच. सुईच्या टोकाने काढलेली रेघ होती, वळणं घेत नळीपासून पानापर्यंत गेलेली. मी भिंग आणलं. पानाच्या कडेला मोहरीच्या दाण्याहून किंचित मोठा, फिकट, जवळजवळ पारदर्शक असा एक खडा बसला होता. त्याला मिशा होत्या.

त्या रात्री मी सहा मोजली. एखादं निसटलं असेल. नवऱ्याला उठवलं, तो डोळे चोळत आला, भिंगातून बघितलं, म्हणाला, "अभिनंदन," आणि परत झोपायला गेला. मी वहीत लिहिलं: 'चाळण बंद.' खाली दुहेरी रेघ.

आता वर्षातून एकदाच चाळते, तेही तोंडाला मास्क लावून. झुरळांच्या विष्ठेची आणि कातेची धूळ दमा असलेल्यांना त्रास देते, ती ही असोत की ओट्यावरची. माझ्या भाचीला दमा आहे, म्हणून ती आली की डबा उघडत नाही. ती बाहेरूनच बघते, तसं बाहेरून तिला काही दिसत नाही, पण तासभर बसते. तिला खरं तर दुसरा डबा आवडतो.

दुसऱ्या डब्यात डोमिनो झुरळं आहेत, थेरिया पेटिव्हेरियाना. ही दक्षिण भारतातल्या झुडपी रानातली. काळी कुळकुळीत, पाठीवर सात पांढरे ठिपके, सोंगटीसारखी. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 साली यांची नोंद केली ती चक्क ढालभुंगा समजून, भुंग्यांच्या यादीत. पोटात गोळा न येता ज्याच्याकडे बघता येतं असं झुरळ हवं असेल तर हे. माणसं दचकत नाहीत, उलट "कुठला भुंगा?" विचारतात. यांची पिल्लंही मातीत गाडलेली असतात, पण मोठी झाल्यावर संध्याकाळी वर येऊन बसतात. नर-मादी दोघांनाही पंख, दिसायलाही जवळपास सारखी, वयात येण्याचा घोळ कमी, अंडी भरपूर. पाचोळा आणि ओलसर कोकोपीट मिळालं की त्यांची वस्ती आपोआप वाढते. नवख्याने यांच्यापासून सुरुवात करावी. मी उलटं केलं, अवघडातून सोप्याकडे आले, आणि खरं सांगू का, डोमिनोंचा डबा मी तितकासा बघत नाही. सगळं समोरच असतं.

दोन्ही जातींची एक सोय मात्र सारखी आहे. गुळगुळीत भिंतीवर यांना चढता येत नाही. ओट्यावरच्या झुरळाच्या पायाला जी चिकट गादी असते ती यांना नाही. फक्त पंख फुटलेल्यांसाठी झाकण नीट लावायचं. आणि कधी एखादं निसटलंच तर घरात वस्ती करेल ही भीती नको, कोरड्या फरशीवर, वाळूशिवाय, ते फार दिवस जगायचं नाही. एकदा एक नर निसटला होता. मी दिवा लावून बसले, तर तो येऊन दिव्यावरच आपटला. मी खुर्चीवर चढले. माझंच झुरळ, मी वाढवलेलं, ज्याच्या आजीला मी हातावर घेतलं होतं, पण उडत अंगावर आलं तेव्हा मी खुर्चीवर चढले आणि नवऱ्याला हाक मारली. तो वाटी घेऊन आला, नराला झाकलं, खाली कागद सरकवला आणि तेच ते हसू हसला.

सध्या डब्यात चाळीसच्या आसपास आहेत असं मी मैत्रिणीला सांगितलं ते अंदाजाने. गेल्या चाळणीला एकोणतीस होती, त्यानंतर बारीक रेघा दोनदा दिसल्या. ती गेल्यावर मी झाकण लावायला गेले तर गाजराच्या चकतीखाली वाळू जराशी वर उचलली गेली होती. चकती एका बाजूने कलली. मग दुसऱ्या बाजूने. मग ती हळूहळू, एका वेळी कणभर, ओल्या कोपऱ्याकडे सरकू लागली. मी खुर्ची ओढून बसले.